‘अलेज्ड’ या शब्दाचे मराठीत काय करावे

मुंबईतील एका दैनिकाच्या वृत्तविभागात मी उपसंपादक म्हणून नवा होतो, तेव्हाची गोष्ट आहे. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, शहराचे पान सुटायचे होते आणि पान लावणाऱ्याने एका एककॉलमी बातमीवर बोट ठेवून “तीन ओळी जास्त होतायत” असे सांगितले. बातमी दादरमधील एका गृहनिर्माण संस्थेच्या माजी खजिनदाराविषयी होती. बातमी कापायची तर खालून कापायची, कारण महत्त्वाचे सारे वर आलेले असते, हा वृत्तविभागातला जुना रिवाज. मी खालून तीन ओळी कापल्या. त्या ओळींत एका लांबलचक वाक्याचे शेपूट होते: ‘असा आरोप संस्थेच्या विद्यमान कार्यकारिणीने पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीत केला आहे.’ पूर्णविराम नीट बसावा म्हणून आधीचे क्रियापदही मीच दुरुस्त केले. सकाळी वाचकांनी वाचले ते असे, की त्या गृहस्थांनी इमारतीच्या दुरुस्ती निधीतील रक्कम स्वतःच्या खात्यात वळवली.

तिसऱ्या दिवशी ते कार्यालयात आले. आवाज चढवला नाही. पिशवीतून कात्रण काढून त्यांनी टेबलावर ठेवले. शेवटच्या वाक्याच्या टोकाला निळ्या बॉलपेनने काकपद काढून वर बारीक अक्षरात ‘असा आरोप आहे’ असे लिहिलेले होते. “एवढेच राहिले होते, साहेब,” असे ते म्हणाले.

मूळ बातमी वृत्तसंस्थेकडून इंग्रजीत आली होती आणि तिच्या पहिल्याच वाक्यात, क्रियापदाच्या अगदी आधी, ‘अलेजेडली’, म्हणजे ‘असा आरोप आहे’ असे सुचवणारा शब्द होता. इंग्रजीत तो शब्द वाक्याच्या तोंडाशी बसतो, त्यामुळे खालून कितीही कापले तरी तो शाबूत राहतो. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि शंकाही त्याच्यासोबत शेवटी जाऊन बसते. वाचक पंचवीस शब्द घडलेली हकिकत म्हणून वाचतो आणि सव्विसाव्या शब्दाला त्याला कळते की हे सारे कोणाचे तरी म्हणणे आहे. तोवर दादर स्थानक आलेले असते आणि त्याने वर्तमानपत्राची घडी केलेली असते. हा शब्द मराठीत आणताना काय सांभाळावे, याविषयी पुढे जे लिहिले आहे ते बातम्या लिहिणाऱ्यांइतकेच सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त लिहिणाऱ्या सचिवालाही उपयोगी पडावे.

शब्द आला कोठून

‘अलेज’ या इंग्रजी क्रियापदाची कुळकथा गमतीची आहे, कारण त्याचे रूप एका घराण्याचे आहे आणि अर्थ दुसऱ्या घराण्यातून दत्तक आलेला आहे. लॅटिनमध्ये ‘लिस’ म्हणजे खटला आणि ‘लिटिगारे’ म्हणजे खटला लढणे. आजचा ‘लिटिगेशन’ हा शब्द तेथलाच. याच धातूपासून ‘खटल्यातून मोकळे होणे, स्वतःवरील ठपका धुऊन काढणे’ या अर्थाचा एक शब्द फ्रेंचमध्ये तयार झाला, नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून इंग्लंडच्या न्यायालयांत शिरला आणि साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजीत रुजला. लॅटिनमध्ये दिसायला त्याच्यासारखाच, पण नात्याने वेगळा असा ‘अल्लेगारे’ हा दुसरा शब्द होता. ‘लेगारे’ म्हणजे अधिकार देऊन कोणाला तरी पाठवणे. ‘डेलिगेट’, ‘कलीग’ आणि ‘कॉलेज’ ही त्याचीच लेकरे. ‘अल्लेगारे’ म्हणजे आपल्या बाजूने कोणाला किंवा कशाला तरी पुढे पाठवणे, अर्थात साक्ष, दाखला किंवा पुरावा पुढे करणे. दोन्ही शब्द उच्चाराने जवळ आल्यामुळे फ्रेंचकडून आलेल्या देहात या दुसऱ्या शब्दाचा अर्थ शिरला. ‘अॅलिगेशन’ हे नाम मात्र सरळ या दुसऱ्या घराण्यातले आहे. ‘अलिजिअन्स’, म्हणजे निष्ठा, हा शब्द कानाला सख्खा भाऊ वाटतो, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

म्हणजे ज्या शब्दाचा आज ‘पुराव्याविना केलेले विधान’ असा अर्थ आपण लावतो, त्याचा मूळ अर्थ ‘पुरावा म्हणून पुढे केलेले’ असा जवळजवळ उलटा होता. जुन्या इंग्रजीत एखाद्या शास्त्रवचनाचा हवाला देणे, यालाही हेच क्रियापद वापरत. उलटापालट का झाली, हे न्यायालयात अर्धा दिवस बसून पाहिले तर लक्षात येते. तेथे वादी एक हकिकत पुढे करतो आणि प्रतिवादी तिच्या नेमकी विरुद्ध हकिकत पुढे करतो. दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत. त्यामुळे ‘पुढे केलेले’ या शब्दाला ‘अजून ठरायचे आहे’ हा वास लागणे अटळ होते, आणि सतराव्या शतकापर्यंत तो वास विशेषणरूपात पक्का झाला. म्हणूनच ‘अलेज्ड’ या शब्दाच्या पोटात दोन गोष्टी आहेत: कोणीतरी हे पुढे केले आहे, ही पहिली, आणि ते अजून सिद्ध झालेले नाही, ही दुसरी. मराठीत आणताना आपण दुसरी गोष्ट कशीबशी आणतो आणि पहिली, म्हणजे तो ‘कोणीतरी’, रस्त्यात सांडतो.

आपल्या घरात काय आहे

‘आरोप’ या शब्दाची पाळेमुळे न्यायालयात नाहीत, ती शेतात आहेत. ‘रुह्’ म्हणजे वाढणे, उगवणे. त्याच्या प्रयोजक रूपापासून रोप, रोपण, वृक्षारोपण, प्रत्यारोपण असे शब्द आले. आरोप म्हणजे एका वस्तूवर दुसरी वस्तू नेऊन ठेवणे, लावणे. ‘मुखचंद्र’ या रूपकात मुखावर चंद्राचा आरोप केलेला असतो, असे अलंकारशास्त्र सांगते. वेदान्तात यालाच अध्यारोप म्हणतात आणि त्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे अंधारात दोरीवर केलेला सापाचा आरोप. सापाविषयी तेथे काही सिद्ध झालेले नसते. सिद्ध असते ती एवढीच गोष्ट, की पाहणाऱ्याने दोरीवर काहीतरी ठेवले आहे. माझ्या मते हा शब्द ‘अॅलिगेशन’पेक्षाही नेमका आहे, कारण ज्याच्यावर ठेवले तो आणि जे ठेवले ते, या दोन गोष्टी त्यात वेगळ्या राहतात.

त्याच्या शेजारी मराठीत जी भावंडे आहेत ती मात्र जपून हाताळावी लागतात. आळ, बालंट, किटाळ, कुभांड हे शब्द आरोपाचे पर्याय म्हणून कोशात सापडले, तरी यांतील प्रत्येक शब्द आरोप खोटा असल्याचा निकाल आधीच देऊन मोकळा होतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र पाहू नये, पाहिल्यास चोरीचा आळ येतो, असे आजीने सांगितलेले असते, आणि गिरगावातल्या चाळीत त्या रात्री गॅलरीत जाणारी मुले मान खाली घालून चालतात. त्या कथेत स्यमंतक मणी नाहीसा होतो, प्रसेन मारला जातो आणि सत्राजिताला श्रीकृष्णाचा संशय येतो. आपण ‘कृष्णावर आळ आला’ असे म्हणतो, कारण सिंहाने प्रसेनाला मारले आणि जांबवंताने सिंहाला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या दिवशी द्वारकेत वर्तमानपत्र निघत असते आणि तेथील वार्ताहराला गुहेतली हकिकत कळलेली नसती, तर त्याने ‘आळ’ हा शब्द वापरणे चूक ठरले असते. त्याला ‘सत्राजिताचा आरोप’ एवढेच लिहिता आले असते. आरोप आळ होता की नाही, हे नंतर कळते.

उलट बाजूला ‘ठपका’ आहे. ठपका ठेवण्यासाठी चौकशी झालेली असावी लागते. एखाद्या समितीने अहवालात अभियंत्यावर ठपका ठेवला, असे लिहिता येते, पण शेजाऱ्याने ठपका ठेवला असे लिहिता येत नाही. आरोप ‘करणे’ आणि आरोप ‘ठेवणे’ यांतही असाच फरक आहे: आरोप कोणीही करू शकतो, तो ठेवण्यासाठी मात्र हाती अधिकार लागतो. ही क्रियापदे आपण रोज वापरतो आणि रोजच त्यांची अदलाबदल करतो.

ऐकीव, सांगोवांगी, कर्णोपकर्णी हे शब्द आणखी वेगळ्या कामाचे आहेत. कंड्या पिकतात, वावड्या उडतात, आवई उठते; यांत बोलणारा सापडतच नाही. आरोपाला मात्र बोलणारा असतोच. ज्याला बोलणारा नाही, त्याला ‘कथित’ हे विशेषण लावून बातमीत बसवण्यापेक्षा तो मजकूर बाहेर ठेवलेला बरा.

‘कथित’ कोठे चालते आणि कोठे नाही

कथित म्हणजे सांगितलेले, इतकाच त्याचा संस्कृत अर्थ. ‘सिद्ध न झालेले’ ही छटा त्याला इंग्रजी बातम्यांची भाषांतरे करता करता चिकटली असावी. या शहरात मराठी पत्रकारितेची सुरुवातच इंग्रजीच्या मांडीला मांडी लावून झाली. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाला, तेव्हा त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारीशेजारी दोन स्तंभांत छापलेला होता. त्यामुळे या छटेबद्दल नाक मुरडण्यात अर्थ नाही. ‘कथित गैरव्यवहार’, ‘कथित मारहाण’ हे प्रयोग चालतात, कारण घटना घडली की नाही याविषयीच वाद आहे.

पण पुढील प्रयोग पाहावेत. ‘कथित आरोप’ म्हणजे आरोप झाला की नाही याविषयीच शंका. प्रत्यक्षात आरोप तर झालेलाच असतो, भर पत्रकार परिषदेत झालेला असतो, शंका असलीच तर त्यातील मजकुराविषयी असते. ‘कथित आरोपी’ ही त्याचीच बहीण. एखाद्यावर आरोप असला की तो आरोपी असतो, त्यात कथित असे काही नाही. कथित आहे तो गुन्हा. ‘कथित मृत्यू’ लिहिणाऱ्याने मृतदेह पाहिला असूनही तो बिचकला आहे, एवढेच कळते. ‘कथित पीडिता’ हा प्रयोग सर्वांत वाईट, कारण आरोपीविषयी सावधगिरी बाळगण्याच्या नादात तक्रार करणाऱ्या स्त्रीवर अविश्वास दाखवला जातो. तेथे ‘तक्रारदार महिला’ हा साधा, खरा आणि कोणाचीही बाजू न घेणारा शब्द हाताशी असतो. ‘तथाकथित’ तर वेगळेच प्रकरण आहे. त्यात शंका नसून उपहास आहे. ‘तथाकथित समाजसेवक’ म्हणजे तो समाजसेवक नाही असे लिहिणाऱ्याचे ठाम मत आहे. ‘अलेज्ड’साठी तो कधीही वापरू नये.

आणि ‘कथितरीत्या’? क्रियाविशेषणाला क्रियाविशेषण जोडण्याच्या अट्टहासातून जन्मलेला हा शब्द मराठी माणूस तोंडाने कधी उच्चारत नाही. ‘त्याने कथितरीत्या चोरी केली’ या वाक्यातून त्याने चोरी कोणत्या रीतीने केली, हेच जणू सांगितले जाते.

वाक्य कसे बांधावे

एक वाक्य हातात घेऊन पाहू. वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी अशी आहे, की बोरिवलीतील एका इमारतीच्या सुरक्षारक्षकाने एका सदनिकेतून ६ लाख रुपयांचे दागिने ‘अलेजेडली’ चोरले आणि त्याला अटक झाली, असे पोलिसांनी सांगितले. प्रथम मराठी शब्द न शोधता, यात आपल्याला निश्चित काय माहीत आहे ते वेगळे काढावे. अटक झाली, हे निश्चित. तक्रार नोंदली गेली, हेही निश्चित. दागिने नाहीसे झाले, हे तक्रारदाराचे म्हणणे आहे. त्यांची किंमत ६ लाख होती, हेही तक्रारदाराचेच म्हणणे आहे, आणि हा आकडा इतका ठोस दिसतो की तो सिद्ध झालेला नाही, हे अनुभवी उपसंपादकाच्याही लक्षात येत नाही. सुरक्षारक्षकाने ते घेतले, हा पोलिसांचा संशय आहे. एका ‘अलेजेडली’खाली इतक्या जणांची म्हणणी एकत्र झाकलेली होती.

आता निश्चित असलेल्या गोष्टीला मुख्य क्रियापद द्यावे आणि अनिश्चित गोष्टीला ‘-ल्याचा’, ‘-ल्याच्या’ या रूपात ठेवावे: ‘सदनिकेतून दागिने चोरल्याच्या संशयावरून बोरिवली येथील एका इमारतीच्या सुरक्षारक्षकाला पोलिसांनी अटक केली. ६ लाख रुपयांचे दागिने चोरीस गेल्याचे तक्रारदाराने म्हटले आहे.’ या बांधणीची खुबी अशी, की ‘चोरल्याच्या’ हे रूप स्वतः काहीच ठामपणे सांगत नाही. ते पुढच्या नामाच्या आधाराने उभे असते, आणि ते नाम संशय, आरोप, तक्रार, दावा, ठपका यांपैकी कोणते, त्यावर वाक्याचे वजन ठरते. शंका येथे वाक्याच्या शेपटीत नसून मधोमध, क्रियेला चिकटून बसली आहे. ही बातमी खालून कापली तरी पहिले वाक्य खरेच राहते.

लांब वाक्यात बोलणाऱ्याला सुरुवातीलाच आणावे. ‘तक्रारीनुसार’, ‘सरकारी पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे’, ‘कार्यकारिणीचा आरोप असा, की...’ अशी सुरुवात केली, की वाचक पुढचे पंचवीस शब्द योग्य चष्म्यातून वाचतो. मात्र परिच्छेदाच्या आरंभी एकदा ‘तक्रारीनुसार’ लिहिले आणि पुढे आठ वाक्ये ‘त्याने दार उघडले, कपाट फोडले, पळ काढला’ अशी सरळ भूतकाळात लिहिली, तर चौथ्या वाक्यापर्यंत तो चष्मा घसरलेला असतो. दर दोन-तीन वाक्यांनी तो पुन्हा नाकावर चढवावा. प्रत्येक वाक्यात ‘आरोप’ लिहिण्याची गरज नसते. ‘त्यानंतर त्याने कपाट फोडले, असे तक्रारीत नमूद आहे’ एवढे पुरते.

बोलीत याहून नेटके साधन आपल्याकडे आहे. ‘त्याने म्हणे बायकोचे दागिने गहाण टाकले’ या वाक्यात ‘म्हणे’ हा दोन अक्षरी शब्द सांगतो, की मी पाहिलेले नाही, ऐकलेले सांगतो आहे, माझ्याकडे जबाबदारी नाही. इतक्या थोडक्यात एवढे काम करणारा शब्द इंग्रजीतही नाही. पण हा ‘म्हणे’ म्हणणाऱ्याचे नाव सांगत नाही आणि त्याला थोडी कुजबुज, थोडी मजा चिकटलेली असते. त्यामुळे तो ओट्यावर शोभतो, छापील बातमीत किंवा इतिवृत्तात शोभत नाही.

मथळ्यात जागा नसते, ही तक्रार खरी आहे. तरीही ‘खजिनदारावर अपहाराचा आरोप’ हा मथळा तीन शब्दांत बसतो आणि ‘खजिनदाराने पैसे लाटले’ यालाही तीनच शब्द लागतात. तेव्हा जागेचे कारण बहुतेक वेळा सबब असते. मथळ्याला प्रश्नचिन्ह लावून सुटका करून घेण्याची चाल मला आवडत नाही. ‘खजिनदाराने पैसे लाटले?’ असे विचारणारा उत्तर ठाऊक असल्यासारखाच विचारतो, आणि वाचकही ते तसेच ऐकतो. एकेरी अवतरणचिन्हे घातली तर ती मोबाइलच्या पडद्यावर दिसतच नाहीत.

पायरी ओळखावी

कोणता शब्द वापरायचा हे प्रकरण कोणत्या पायरीवर आहे त्यावर ठरते, आणि येथे सर्वाधिक गैरसमज ‘गुन्हा दाखल’ या शब्दप्रयोगाने केले आहेत. गुन्हा दाखल झाला, म्हणजे गुन्हा झाला, असे सामान्य वाचक समजतो. वास्तविक दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा गुन्ह्याची माहिती मिळाली, की पोलिसांनी ती नोंदवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले आहे. ती माहिती खरी आहे की खोटी, हे नोंदीच्या वेळी ठरवायचे नसते. त्या कागदाचे मराठी नावही ‘प्रथम खबर’ असे आहे, आणि खबर म्हणजे खबरच. म्हणून ‘अपहार केल्याच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल’ असे लिहावे. ‘अपहार केल्याप्रकरणी’ हा रूढ प्रयोग अपहार झाल्याचे हळूच कबूल करून टाकतो.

अटकेपूर्वी ज्याच्याकडे बोट आहे तो संशयित. ‘संशयित आरोपी’ अशी जोडगोळी वापरण्याचे कारण नाही, दोहोंपैकी एक निवडावा. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात दोषारोपपत्र, म्हणजे रोजच्या भाषेतले आरोपपत्र, सादर करतात. नावात ‘दोष’ असला तरी ती पोलिसांची बाजू आहे. त्यानंतर न्यायालय आरोप निश्चित करते. येथेही ‘निश्चित’ या शब्दाने फसू नये, कारण निश्चित होतो तो कोणत्या आरोपांवर खटला चालायचा हा प्रश्न, आरोपीचा दोष नव्हे. खटल्याआधीच आरोपांत तथ्य न दिसल्यास आरोपी दोषमुक्त होतो. खटला चालून दोष सिद्ध न झाल्यास त्याची निर्दोष मुक्तता होते. हे दोन शब्द एकमेकांऐवजी वापरू नयेत. दोष सिद्ध झाला, की तेथे ‘कथित’ आणि ‘आरोप’ दोन्ही गळून पडतात. निकालानंतरही ‘कथित खून’ लिहीत राहणे हा भित्रेपणा आहे.

सिद्ध आणि असिद्ध अशा दोनच पेट्या असतात, ही समजूतही सोडावी. १८७२ च्या पुरावा कायद्याने तीन पेट्या केल्या होत्या आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने त्या तशाच ठेवल्या आहेत: शाबीत, नाशाबीत आणि शाबीत न झालेले. नाशाबीत म्हणजे ती गोष्ट नव्हतीच, असे न्यायालयाला पटले. शाबीत न झालेले म्हणजे धड इकडे नाही आणि तिकडेही नाही. ‘अलेज्ड’चा मुक्काम या तिसऱ्या पेटीत असतो. ‘आरोप सिद्ध झाला नाही’ आणि ‘आरोप खोटा ठरला’ ही दोन वाक्ये म्हणूनच एक नव्हेत, आणि वकिलांनी निकालानंतर पायऱ्यांवर उभे राहून दुसरे वाक्य सांगितले तरी आपण निकालपत्रात कोणते आहे ते पाहून लिहावे.

‘कथित’ हे चिलखत नव्हे

हा शब्द टाकला की अब्रुनुकसानीच्या दाव्यातून सुटका, अशी एक समजूत वृत्तविभागांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीसाठी दोन वर्षांपर्यंतचा साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे, आणि उपरोधाने किंवा ‘हे नाही तर ते’ अशा पर्यायी स्वरूपात केलेले विधानही बदनामी ठरू शकते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. दुसऱ्याचे बदनामीकारक म्हणणे ‘कथित’च्या वेष्टनात गुंडाळून पुन्हा सांगणाऱ्याला वेष्टनाचा फारसा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो न्यायालयातील कामकाजाचे प्रामाणिक वृत्त देण्याचा, आणि लोकहितासाठी सत्य सांगितल्याचे दाखवता येण्याचा.

मुंबईने याची दोन टोके पाहिली आहेत. करसनदास मुळजी यांनी १८६० मध्ये ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या वर्तनावर लिहिले. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर फिर्याद केली आणि १८६२ मध्ये येथील तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात ती चालली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्यांच्या साक्षी झाल्या आणि लिहिलेले खरे असल्याचा करसनदासांचा बचाव न्यायालयाने मान्य केला. त्यानंतर वीस वर्षांनी, १८८२ मध्ये, टिळक आणि आगरकर याच शहरात आरोपी म्हणून उभे राहिले. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाविषयी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांत जे छापले होते, त्याचा आधार दिवाण माधवराव बर्वे यांची म्हणून हाती आलेली पत्रे हा होता, आणि ती पत्रे बनावट ठरली. चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. दोन्ही ठिकाणी लिहिणारे आपल्या माहितीवर सारख्याच निष्ठेने विश्वास ठेवून होते.

या दुसऱ्या प्रकरणासाठी इंग्रजीत ‘पर्पोर्टेड’ असा वेगळा शब्द आहे, आणि तो आला की बरेच भाषांतरकार पुन्हा ‘कथित’कडेच धावतात. ‘बर्वे यांची कथित पत्रे’ यातून पत्रे आहेत की नाहीत, हेच कळत नाही. पत्रे तर टेबलावर असतात. प्रश्न ती कोणी लिहिली हा असतो. तेथे ‘बर्वे यांनी लिहिल्याचे सांगितली जाणारी पत्रे’ असे उलगडून लिहावे. आज हाच प्रश्न ध्वनिफिती आणि चित्रफितींबाबत रोज येतो: फीत खरोखर फिरते आहे, आवाज मात्र कोणाचा ते ठरायचे आहे. ‘अमुक यांच्या आवाजात असल्याचा दावा केला जाणारी ध्वनिफीत’ हे लांब आहे, पण यातला एकही शब्द काढता येत नाही. इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण असलेला मजकूर पुढे ढकलणाऱ्यालाही हेच लागू पडते. ती खूण मजकूर कोणाचा हे सांगत नाही, तो माझा नाही एवढेच सांगते.

शेवटी निकालाच्या बातमीविषयी. आरोपाची बातमी ज्या पानावर होती, त्याच पानावर निकालाची बातमी यावी. जालावरील जुनी बातमी तशीच लोंबकळत न ठेवता तिच्या पहिल्या ओळीवर निकालाची तारीख आणि निष्कर्ष चढवावा, कारण नाव टाकून शोधणाऱ्याला जुनीच बातमी आधी सापडते. निकालाचे वाक्य लिहिताना क्रम उलटा करावा: निष्कर्ष आधी, आरोप नंतर. ‘निधीचा अपहार केल्याचा आरोप असलेल्या माजी खजिनदाराची निर्दोष मुक्तता’ असे न लिहिता ‘माजी खजिनदाराची अपहाराच्या आरोपातून निर्दोष मुक्तता’ असे लिहावे.

त्या खजिनदारांच्या खटल्याचा निकाल सहा वर्षांनी लागला आणि ती बातमी योगायोगाने माझ्याच टेबलावर आली. मी पहिल्या वाक्यात ‘निर्दोष’ हा शब्द घेतला, आमच्याच जुन्या बातमीचा उल्लेख केला आणि ती शहराच्या पानाला दिली. थोड्या वेळाने पान लावणाऱ्याने दोन ओळी जास्त होत असल्याचे सांगितले. मी मधल्या परिच्छेदातला इमारतीच्या पुनर्विकासाचा तपशील काढला.